दोघं आहेत ना?

जयनगरच्या लायब्ररीत दर शनिवारी एक वयस्कर गृहस्थ दिसायचे. खुर्चीवर बसले तरी पाय सतत हलते, छत्रीची मूठ या हातातून त्या हातात. दोन म्हाताऱ्या फौजदारांच्या रहस्यकथांची मालिका आम्ही दोघंही वर्षानुवर्षं वाचत होतो. तिचा नवा भाग मी परत करायला नेला, तर त्यांनी मला दारातच गाठलं.

"खुनी कोण ते सांगू नका, अक्का. दोघं फौजदार शेवटपर्यंत आहेत ना, तेवढंच सांगा."

त्यातला थोरला शेवटच्या प्रकरणात मरतो. मी म्हटलं, "आहेत की!"

आठवडाभर मला चैन पडेना. पुढच्या शनिवारी पुस्तक परत करताना ते म्हणाले, "उत्तर द्यायला तुम्हाला स्वल्प वेळ लागला, अक्का. म्हणून शेवटचं प्रकरण मी वाचलंच नाही."