चावीच्या आधीचा दिवा

आत्याचा मुलगा लढाईवर गेला तो मोटार चालवायला. फौजेने त्याला ड्रायव्हर म्हणून घेतले आणि तो ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठेतरी आहे, एवढेच आम्हाला माहीत होते. मोटार तो माझ्या वडिलांच्या हाताखाली शिकला. वडील केनवड ते वाशीम चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर. मोटार वाशीमच्या एका शेटजींची, पण रात्री ती आमच्या दारासमोरच्या लिंबाखाली उभी राहायची, म्हणून गाव तिला आमचीच मोटार म्हणे. जाण्याआधी त्याने समोरच्या काचेच्या वर माहूरच्या देवीची तसबीर तारेने घट्ट बांधून ठेवली होती.

मी अमरावतीला कॉलेजात शिकत होतो, अजूनही शिकतो आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे सुटीत आलो की गाईच्या आजारापासून लढाई कधी संपेल इथपर्यंत सगळे मलाच विचारले जाई. बहुतेक गोष्टींचे उत्तर मला येत नसे.

मागच्या वर्षी नवरात्रात मी घरी होतो. घट बसायच्या आदल्या दिवशी आत्या वडिलांपुढे येऊन उभी राहिली. ती वडिलांची मोठी बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहते.

"बापू, मोटारीतल्या देवीपुढं औंदा दिवा पायजे."

"घरी घटापुढं अखंड दिवा हायच ना, बाई."

"तो घराचा हाय. माहा पोरगा मोटारवर हाय. त्याची देवी मोटारीतच हाय."

घटापुढचा दिवा एकदा लावला की दसऱ्यापर्यंत विझू द्यायचा नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असते. त्या दिवसांत घर रिकामे ठेवत नाहीत. कोणीतरी तेल घालायला, वात सारायला जवळ असतेच. पण हलत्या मोटारीत तेलाचा दिवा टिकणार कसा? पेट्रोल मिळेनासे झाल्यापासून आमची मोटार मागे कोळशाची भट्टी लावून तिच्या गॅसवर चालत होती, आणि रस्ता असा की माणसे जागेवर राहत नसत. म्हणून विजेचा लहान बल्ब लावायचे ठरले.

दुसऱ्या दिवशी वाशीमला मोटारीच्या अड्ड्याजवळच्या मिस्त्रींकडे आम्ही गेलो. त्यांनी मागच्या दिव्याचा एक जुना बल्ब शोधून काढला, तसबिरीखाली बसवला, तार खाली आणली आणि हात थांबवून विचारले, "चावीच्या आधी घेऊ का चावीच्या नंतर?"

चावीनंतर तार जोडली तर मोटार चालू केल्यावर दिवा लागणार आणि चावी बंद केली की विझणार. चावीच्या आधी, म्हणजे सरळ बॅटरीवर घेतली, तर मोटार उभी असो की चालू, दिवा जळतच राहणार.

"आधी," वडील म्हणाले.

"आधी घेतला तं मोटार झोपन पन दिवा जागाच राहीन. समदी बॅटरी पिऊन टाकन. लढाईच्या दिवसांत नवी कोठून आनता?"

"दसऱ्यालोकचं काम हाय. रोज गाडी चालते, भरून निघन."

"अन् एखांद्या दिवशी नाई चालली तं?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. "काय बे कॉलेजवाले, तुले काय वाटते?"

मिस्त्रींचे बरोबर आहे, असे मी म्हणालो.

"बराबर तं हायच," वडील म्हणाले. "आधीच घ्या."

मिस्त्री हसायला लागले. "वा रे मालक! मले विचारता, पोराले विचारता, अन् करता बहिणीच्या मनचं!"

संध्याकाळी मी आत्याला समजावून पाहिले. बॅटरी म्हणजे काय, ती कशी भरते, कशी रिकामी होते. तिने माझे सगळे ऐकून घेतले.

"तुह्या कॉलेजात शिकवते तं खरंच असन," ती म्हणाली. "पन बाबू, रोज विझवाचाच असन तं तो अखंड कसा? आपल्या हातानं विझवू, अन् तिकडं त्याचं काही झालं तं?"

त्या दिव्याला तिने काय बांधले आहे ते मला तेव्हा कळले. वडिलांना ते आधीच कळले असावे.

रोज सकाळी मोटार निघण्याआधी आत्या हळदकुंकवाची ताटली घेऊन यायची, पायरीवर चढून तसबिरीला कुंकू लावायची आणि बल्बकडे थोडा वेळ पाहायची. वडील नवरात्रात पायांत काही घालत नाहीत, ते अनवाणीच बाजूला थांबत. मग भाजीच्या टोपल्या घेऊन बाजाराला निघालेले माळी आत बसत.

मधेच कोळसा आला नाही. मोटार लिंबाखाली उभी राहिली, एक दिवस, मग दुसराही. दिवा जळत होता, पण दुसऱ्या दिवशी त्याचा उजेड पिवळा, मग तांबूस झाला. वडील सारखे जाऊन पाहून येत होते. बल्ब काढून ठेवा, असे घरात कोणी म्हणाले नाही.

कोळसा आल्यावर सातव्या माळेच्या सकाळी आम्ही दोघे मोटारीजवळ गेलो तेव्हा दिवा विझलेला होता. वडिलांनी बल्बला बोट लावले. तो थंड होता.

"आपण ढकलून चालू करू," मी म्हणालो. "मोटार चालली की दिवा लागेल. आत्या यायच्या आत होईल."

वडिलांनी मान हलवली. "तिनं भरोशानं लावला. मी तिले कायले फसवू?"

माळी जमले होते. त्यांच्यातला एक म्हातारा टोपलीवरची मेथी सारखी करत ओरडला, "काहो डायवर, तुमच्या देवीनं बॅटरी खाल्ली म्हन्ते! आमाले वाशीमले नेता का पायी जाऊ?"

"मेथी घेऊन चाल तू, दुपारलोक सुकट होऊन पोचन," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

तेवढ्यात आत्या ताटली घेऊन दारातून बाहेर आली. हसणे थांबले. ती पायरीवर चढली, तसबिरीकडे पाहिले आणि तशीच उभी राहिली.

"कवा गेला?"

"मालूम नाई, बाई," वडील म्हणाले. "सकाळी आलो तं गेलेलाच होता."

तिने कुंकू लावले. ते तसबिरीच्या काचेवर फासले गेले. खाली उतरून तिने ताटली माझ्या हातात दिली. रडली नाही. माळ्यांकडे वळून म्हणाली, "पाहून काय राह्यले? ढकला ना. बाजार थांबन का तुमच्यासाठी?"

मागे भट्टी असल्यामुळे लोकांनी दोन्ही बाजूंनी हात लावले. मेथीवाला म्हातारा सगळ्यांच्या पुढे होता. आत्यानेही पदर खोचून खिडकीच्या दांडीला हात लावला. कोणी तिला नको म्हणाले नाही. उतारावर मोटार दोनतीनदा गचके खाऊन थांबली, मग एकदम धडधडली. बल्बमध्ये आधी लाल तार दिसली, मग उजेड आला.

आत्या धापा टाकत खिडकीशी आली. उजेडाकडे नव्हे, ती वडिलांच्या हाताकडे पाहत होती. तो अजून चावीवरच होता.

"बापू, मिस्त्रीले सांग, चावीच्या मांगं घे म्हणा."

"अन् अखंड, बाई?"

"इतका येळ तो विझेलच होता ना? म्या काय केलं? उभी राह्यली. मंग समद्यांनी ढकलली तं लागला." तिने खोचलेला पदर सोडला. "चावी फिरवली की लागू दे. तिकडं तोबी रोज चावी फिरवत असन."

त्याच दिवशी मिस्त्रींनी तार बदलली. या वेळी त्यांनी पैसेही विचारले नाहीत.

दिवाळीला मी पुन्हा घरी गेलो. नवरात्र कधीच संपले होते, तरी बल्ब काढला नव्हता. आत्या आताही सकाळी मोटारीशी येते. ती आल्याशिवाय वडील चावी फिरवत नाहीत, कितीही उशीर झाला तरी, आणि माळीही घाई करत नाहीत. लढाई अजून चालू आहे. आत्याचा मुलगा कुठे आहे ते आम्हाला माहीत नाही. चावी फिरते, दिवा लागतो, तेव्हा आत्या दिव्याकडे पाहत नाही. चावीवरच्या हाताकडे पाहते, मोटार वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभी राहते आणि मग घरात जाते.