दोन पेंढ्यांची रेल्वे

वेळ आणि धांडं या दोन गोष्टी मला कधी एकदम मिळाल्या नाहीत.

धांडं म्हणजे ज्वारीचं वाळलेलं ताट. त्याची साल नखानं सोलली की आत पांढरं, हलकं भेंड निघतं. साल कडक असते, भेंड मऊ. भेंडात साल खुपसून आमच्याकडची लेकरं बैलगाड्या करतात. मी बैलगाडी कधी केली नाही. मी रेल्वे केली. मोठेपणी केली, लग्न झाल्यावर, आणि त्याची मला तेव्हाही लाज वाटली नाही. माणसांत बोलायची लाज वाटायची, ती गोष्ट वेगळी. नातीची अर्धी कोरी वही सापडली म्हणून आता हे लिहिते. कुणाला दाखवायचं नाही.

माझे वडील धर्माबादच्या बाजूला रेल्वेत गँगमन होते. रुळाच्या कडेच्या दोन खोल्यांत आम्ही वाढलो. चौथी पास झाले आणि शाळा सुटली, कारण पुढची शाळा गाडीनं जायच्या गावात होती. गाडी रोज दारावरून जायची, पण तिच्यात मला बसवून द्यायला घरात कोणी तयार नव्हतं.

लग्न होऊन आले ते लातूरपासून पाच कोसांवरच्या गावात. तिथं रेल्वेची शिट्टीसुद्धा ऐकू येत नसे. पहिलं वर्षभर सारखं काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. मग लक्षात आलं की मला दिवसाची वेळच कळत नाही. माहेरी पहिली गाडी गेली की चूल पेटायची, दुसरी गेली की पाण्याला जायचं, मालगाडी आली की वाळवण उचलायचं. इथं दिवस नुसता पसरलेला. सगळ्यात आधी मी एक इंजिन केलं. ते एकटं बरं दिसेना म्हणून डबा केला. डब्याला रूळ पाहिजेत.

रूळ सालीचे, स्लीपर भेंडाचे. चाकं औषधाच्या बाटलीच्या रबरी बुचांची. सुई द्यायला येणाऱ्या नर्सबाईकडे ती बुचं मागायला मला दोन महिने लागले, इतकी मी लाजरी. त्यांनी विचारलं, "कशाला गं?" मी पदर पुढं केला. त्यांनी मूठभर दिली आणि पुढं दर खेपेला न मागता देत गेल्या.

धान्याच्या खोलीत कणग्यांच्या मागं भिंतीला लागून एक लांब फळी होती. तिच्यावर माझी लाइन वाढत गेली. पण वर्षाचे महिने माझ्या बाजूचे नव्हते. सुगीत ज्वारी काढताना सरळ, लांब पेरांची ताटं हाताला लागायची, मी ती बाजूला काढून आढ्याला खोचून ठेवायची. पण तेव्हा काढणी, मोडणी, खळं, मागून हरभरा. बसायला कुठली फुरसत? पावसाळ्यात भेंडाला दमट लागून बुरशी धरायची, गोडीला मुंग्या लागायच्या. सगळी गाडी जुन्या लुगड्यात गुंडाळून वर टांगायची आणि आपण खुरपणीला जायचं. बोटांना खुरप्याचे फोड आले की साल हाताला कळत नाही, नुसती मोडते. थंडीत साल सरळ राहते, भेंड कोरडं असतं, काम सगळ्यात सुबक होतं, आणि नेमका तेव्हाच दिवस एवढासा. राहिला उन्हाळा. त्यात निम्म्या दुपारी पापड, कुरड्या, शेवया. उरलेल्या दुपारी सगळं घर आडवं झालं की मी कणग्यांच्या मागं जायची. उन्हानं साल तडकायची. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, मग वाकवायची.

असे आठ उन्हाळे गेले. स्टेशन झालं, सिग्नल झाला, फाटक झालं. सगळ्यात मोठा पूल. गोदावरीवरचा पूल मी लहानपणी वडिलांच्या मागं मागं जाऊन लांबून पाहिला होता. त्याच्या किती कमानी ते मला नीट आठवत नव्हतं, म्हणून मी माझ्या मनानं अकरा केल्या. त्या एका पुलाला तीन उन्हाळे लागले.

घरात मालक आणि सासूबाई. सासूबाईंचा बोलण्याचा पट्टा सकाळी सुरू व्हायचा. शेजारणीला सांगायच्या, "आमच्या सुनंला मूल झालं, लेकरू रांगाया लागलं, पण खेळ हिचाच चाललाय." मी ऐकायची आणि भाकरी थापायची. त्यांना उत्तर द्यायचं माझ्या मनातही येत नसे. पण गाडी मोडायचंही मनात आलं नाही.

मग दुष्काळ पडला. लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. आधी कुठल्याही कागदाला उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता लातुरात काम व्हायचं. पारावरची माणसं म्हणायची, "जिल्हा जवळ आला, पाणी लांब गेलं." लातुरात नव्या कचेऱ्यांची बांधकामं निघाली होती, मालक तिथं गवंड्याच्या हाताखाली जायला लागले. आठ दिवसांतून एकदा घरी यायचे. मी लेकरू सासूबाईंपाशी ठेवून सकाळी तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची आणि दुपारी परत यायची. खुरपणी नाही, काढणी नाही, खळं नाही. पापडाला उडीद नाही, शेवयाला गहू नाही.

कुणापुढं बोलू नये ते इथं लिहिते. त्या दुष्काळात मला फुरसत मिळाली आणि मला बरं वाटलं. कणग्या रिकाम्या होत्या, त्या उचलून कोपऱ्यात ठेवल्या आणि पहिल्यांदाच माझी अख्खी लाइन दारातून दिसायला लागली. पोटाला कमी होतं, पाणी दीड कोसावरून आणत होते, सगळं खरं. तरी दुपारी त्या फळीपुढं बसले की मी सुखी होते. ज्याला हे वाईट वाटेल त्यानं वाटून घ्यावं.

फक्त धांडं नव्हतं. ज्वारी आलीच नव्हती. मागच्या सालची कडब्याची गंज संपत आली, आणि एक एक पेंढी सासूबाई स्वतः मोजून गायीपुढं टाकायच्या. आढ्याला खोचलेली माझी ताटं मी आपण होऊन गायीला घातली. नवं काही करायचं नाही, आहे तेच नीट करायचं, असं मी ठरवलं होतं.

एका दुपारी मी कामावरून आले तर सासूबाई दावणीपाशी उभ्या. गायीच्या तोंडातून सालीचे दोन तुकडे लोंबत होते. गव्हाणीत पुलाच्या कमानीचा एक पाय पडला होता.

मी डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"खाऊ दे तिला," सासूबाई म्हणाल्या. "कडबाच हाय त्यो. घरात दोन पेंढ्या कडबा सजवून ठिवायचा अन् दावणीला जनावर उपाशी मारायचं, हे कंच्या गावचं?"

"किती घातलं?"

"तीन कमानी घातल्या. उद्या आनिक घालते."

गाय खात होती. तिची हाडं मलाही दिसत होती. तिच्यावर माझी माया सासूबाईंपेक्षा कमी नव्हती. तिची धार मीच काढायची. सासूबाईंचं खोटं नव्हतं. माझी रेल्वे खरंच कडबा होती. पण मला एवढं पक्कं कळत होतं की ती द्यायची नाही.

मी आत गेले आणि धान्याच्या खोलीच्या दारात उंबऱ्यावर बसले. सासूबाई मागनं आल्या.

"सरक."

"न्हाई, आत्याबाई."

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू उंबराच बोलला.

"काय म्हन्लीस?"

"गाय उपाशी राहणार न्हाई. तिला रोज मी आणून घालते. पन ह्याला हात लावायचा न्हाई."

"कुठनं आणतीस? आभाळातनं?"

ते मलाही माहीत नव्हतं. तरी मी उठले नाही. दिवेलागणीला उठले ते स्वयंपाकापुरती, आणि तेवढा वेळ दाराला बाहेरून कडी घालून.

दुसऱ्याच दिवशी मालक आले. त्यांनी पायावर पाणी घ्यायच्या आधीच सासूबाईंनी सगळं सांगितलं. ते हसायला लागले.

"माय, लोकाच्या गावाला रेल्वे यावी म्हनून लोकं अर्ज करून राहिले, अन् तू घरातली रेल्वे गायीला चारलीस व्हय?"

"हस तू. गाय मेली म्हंजी हसशील."

मग त्यांनी मला बोलावलं. "हे बघ, कडबा तर कडबाच हाय. तिचं बी राहू दे, तुझं बी राहू दे. निम्मी दे."

"न्हाई."

मालकांनी हातातला तांब्या खाली ठेवला. लग्नाला दहा वर्षं झाली होती, मी त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच आली नव्हती, कारण मी बोलतच नव्हते.

"बरं," ते म्हणाले. "चारा आणायचा तेवढा बघ म्हंजी झालं. न्हाई आणलास तर मी आईला अडवणार न्हाई."

नदीच्या अंगाला एका बागवानाचा मळा होता, विहिरीला अजून थोडं पाणी होतं आणि थोडा ऊस उभा होता. तिथं जायला तासभर लागायचा. पहिल्या दिवशी मी बांधावर जाऊन नुसती उभी राहिले. म्हातारा बागवान लांबून बघत होता. शेवटी तोच आला.

"क्या होना, बेटी?"

"वाढं," मी उसाच्या शेंड्यांकडं बोट करून म्हणाले. माझं मलाच ऐकू आलं नाही.

"जोर से बोलो ना. यहाँ कोई खाता नै तुमकू."

"गायीला वाढं पाहिजे उसाचं. फुकट नको. बदल्यात मी पाट काढून देते, काय सांगाल ते करते."

त्यानं दिलं. रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी त्याच्या मळ्यातलं तण काढायची आणि त्याबदल्यात वाढ्याचा भारा डोक्यावर घेऊन यायची. वाढं संपलं तेव्हा दुपारी उंबराचा, पिंपळाचा पाला. बाभळीच्या काट्यात शिरून शेंगा झोडून आणायची. भारा दावणीत टाकून सासूबाईंना हाक मारायची, "आत्याबाई, बघून घ्या." त्या बाहेर येऊन बघायच्या.

दुपारची फुरसत गेली. घरी यायची तेव्हा मान ताठ झालेली, हात चिरलेले. गाडीपुढं बसणं होईना. दाराची कडी मात्र रोज काढायची आणि आत एक नजर टाकायची. दुष्काळानं दिलेला वेळ दुष्काळानंच घेतला. पण गाडी राहिली. उरलेल्या आठ कमानी, स्टेशन, फाटक, सगळं जिथल्या तिथं.

पुढं गावात चाऱ्याचा डेपो झाला. ट्रकमधून भाताचं तणस आलं, माझ्या माहेरच्या बाजूचं. आमच्या गायीनं आधी तोंड फिरवलं, मग खायला लागली. गाय जगली. मी ती जगवली हे मी इथं स्पष्ट लिहिते, कारण नंतर गावात सगळे म्हणायचे की डेपोनं जगवली.

रोहिण्या निघाल्या. पेरण्या जवळ आल्या तशी मी गाडी गुंडाळून वर टांगायच्या तयारीला लागले. खोलीत फळीवर सगळं मांडून पुसत होते. इंजिनाला परत काजळ लावलं. दारात सावली पडली म्हणून पाहिलं तर सासूबाई. उंबऱ्यावर बसल्या, मी बसले होते तिथंच. आठ उन्हाळ्यांत त्या एकदाही बघायला आल्या नव्हत्या. पुलाच्या कमानी काढायला आल्या तेवढ्याच.

त्यांनी इंजिनाकडं बोट केलं. मग म्हणाल्या, "हलती का ती?"

"ढकलली की हलती."

"मग ढकल की. बघू दे."

मी इंजिनावर बोट ठेवलं. पुढं स्टेशन होतं, त्याच्या पुढं पूल. आठ कमानी, आणि मग तीन कमानींची रिकामी जागा, खाली फळी दिसत होती. तिथं मला हवं तर एखादी काडी आडवी टाकता आली असती. गाडी पलीकडं गेली असती, सासूबाईंचं मन राहिलं असतं, आणि त्या दुपारचं काहीच झालं नव्हतं असं झालं असतं.

मी बोट काढून घेतलं.

"कामून? काय झालं?"

"पूल न्हाई पुढं," मी म्हणाले. "गाडी थांबल्याली हाय."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. हसल्या की काय ते मला कळलं नाही.

"मग कवा जायची?"

"ज्वारी आल्यावर."

"अन् ज्वारी आल्यावर तुला कुठली फुरसत?"

"फुरसत तुम्ही द्यायची," मी म्हणाले. "तीन कमानींची."

त्या उठून गेल्या नाहीत. मी लुगडं पसरलं आणि एक एक डबा उचलून त्यात ठेवायला लागले.