मर्ल गॅरिटीची हळदी गाडी

मार्चमधल्या एका मंगळवारी मर्ल गॅरिटी फोनवर धडधडीत खोटं बोलली, आणि फोन ठेवल्यावर तोंडावर हात दाबून स्वयंपाकघरात तशीच उभी राहिली.

फोन राफर्टी नावाच्या माणसाचा होता. बालरॅनल्डच्या आसपासच्या फार्मांवर मेंढ्यांची लोकर कातरायला टोळ्या नेण्याचं काम त्या वर्षीपासून त्याने घेतलं होतं. मर्ल या टोळ्यांची स्वयंपाकीण. एकतीस वर्षं तिने हेच केलं. पहाटे चुलाण पेटवायचं, सकाळी चॉप्स आणि अंडी, साडेनऊच्या चहाला गरम स्कोन, दुपारी भाजलेलं मटण. वीस-वीस माणसं वाकून वाकून कंबर मोडून घेतात आणि जेवायला बसली की डोळे वर न करता खातात. मर्लच्या हाताला चव होती, आणि कुणी नावं ठेवलीच तर पळी उगारायचीही तिची तयारी असे.

"जुलैत सुरू करू," राफर्टी म्हणाला. "तुमच्या जेवणाचं फार ऐकलंय मी. फक्त एक आहे. जुन्या मालकासारखी माझी बस नाही. सामान घेऊन तुमचं तुम्हालाच कातरणीच्या शेडवर यावं लागेल. गाडी आहे ना?"

"आहे की!" मर्ल म्हणाली. "स्टेशन वॅगन आहे. चांगली ऐसपैस."

गाडी नव्हतीच. होती ती सायकल. आणि मुळात तिला गाडी चालवताच येत नव्हती. एकोणिसाव्या वर्षी वडिलांचा छोटा ट्रक तिने शिकता शिकता सरळ शेततळ्यात घातला होता. तिघा भावांनी पुढे वर्षभर तिला 'कॅप्टन' म्हणून हाक मारली. त्यानंतर स्टिअरिंगला तिने हात लावला नाही. आता वय अठ्ठावन्न.

पण तोंडातून स्टेशन वॅगनच का आलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ज्या वर्षी ट्रक बुडाला, त्याच वर्षी इर्मा नूननने गावात नवीकोरी होल्डन वॅगन आणली होती. हळदीसारखी पिवळी, लांबलचक पाठीची. इर्मा खिडकीवर कोपर टेकवून एका हाताने ती चालवत पोस्टासमोरून गेली, तेव्हा मर्ल पाकीट हातात धरून फुटपाथवर थिजून उभी राहिली होती. तीच गाडी गेली सतरा वर्षं इर्माच्या कोंबड्यांचं खुराडं होऊन पडली आहे, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मर्ल सायकल हाणत इर्माकडे गेली. इर्मा आता ऐंशीच्या पुढे, डोळ्यांत मोतीबिंदू.

"ती वॅगन? तुला?" इर्मा खुदकन हसली. "अगं पोरी, तुला तर पोहायची गाडी लागते!"

"इर्मा, चेष्टा पुरे. देणार का नाही ते बोल."

"ने की! मला काही नको. फक्त कोंबड्या बाहेर काढ, आणि त्यांना दुसरी जागा करून दे. अकरा आहेत. त्या जुन्या झाल्यात, माझ्यासारख्याच. अंगावर येतील."

आणि खरंच आल्या. स्टिअरिंगवर बसलेली एक तांबडी कोंबडी तर हलायलाच तयार नव्हती. मर्लने तिला ॲप्रनमध्ये गुंडाळून उचललं तेव्हा हाताला तीन ठिकाणी चोचा बसल्या होत्या. पुढच्या खणात चार अंडी सापडली. मागच्या बाकाच्या कापसात उंदरांनी संसार थाटला होता. विष्ठेचा थर खरवडला तसा खालून पिवळा रंग दिसायला लागला. हातातलं उलथणं टाकून मर्लने थुंकी लावून बोटाने तो तुकडा पुसला. तोच रंग! तसाच्या तसा!

इर्माच्या पुतण्याने ट्रॅक्टरला दोर बांधून मागच्या गल्लीने गाडी मर्लच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून सोडली. गाडीची चारही चाकं बसलेली होती, ती अक्षरशः फरफटत आली. मग मर्ल शेजारच्या स्टेलिओसला बोलवायला गेली.

स्टेलिओस कारास चाळीस वर्षं गावातला मेकॅनिक होता. आता चौऱ्याहत्तरचा. बायको गेल्यापासून फाटकाबाहेर फारसा पडत नसे. तो आला, गाडीला एक चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं, आणि म्हणाला, "हिला पुरून टाक. वर फुलझाडं लाव."

"स्टेलिओस!"

"गाडीच्या तळातून आरपार दिसतंय मला, बाई. पायाखाली पत्राच नाही. कोंबड्यांची घाण काय खाते माहितीये?"

"जुलैपर्यंत ही रस्त्यावर पाहिजे. आणि मीपण."

स्टेलिओसने तिच्याकडे पाहिलं. "एका अटीवर. मी पान्याला हात लावणार नाही. खुर्ची टाकून बसेन आणि बोलेन. काम तू करायचं. सगळं."

"आणि जेवण?"

"ते सांगायला हवं का?"

असं सुरू झालं. सकाळी आठला स्टेलिओस स्वतःची खुर्ची घेऊन यायचा. मर्ल जुन्या डगल्यावर ॲप्रन बांधून तयार. पहिल्या दिवशी तिला कुठला पाना कुठल्या नटाला हेही कळत नव्हतं.

"तो नाही. तो नाही. अगं, तो तर अजिबातच नाही!"

"मग नीट सांग ना! मी काय तुला 'ते भांडं दे' म्हणून सांगते का? पातेलं म्हणते, कढई म्हणते!"

त्यानंतर स्टेलिओसने प्रत्येक हत्याराचं नाव, माप आणि काम तिच्याकडून घोकून घेतलं. आठवड्याभरात ती डोळे मिटून चाचपून पाना उचलू लागली. प्रत्येक सुटा भाग ती पावाच्या ट्रेमध्ये ओळीने मांडून ठेवायची आणि खाली चिठ्ठी. स्टेलिओस एकदा त्या ट्रेकडे पाहत म्हणाला, "माझ्या गॅरेजात एवढी स्वच्छता कधी नव्हती." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे फार होतं.

इंजिन जाम होतं. "प्लग काढ," स्टेलिओसने सांगितलं. "सहाही भोकांत थोडं तेल, थोडं डिझेल ओत. आणि आठवडाभर विसरून जा."

विसरते कसली! मर्ल रोज जायची, इंजिनाच्या पुढच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावायची आणि जोर करायची. ढिम्म. पाचव्या दिवशी ढिम्म. आठव्या दिवशी ढिम्म. नवव्या दिवशी तिने पाय बंपरला टेकवले, दांड्यावर सगळं अंग टाकलं, आणि आतून 'कट्' असा आवाज आला. पाना बोटभर खाली गेला होता.

"हललं!" मर्ल एवढ्या जोरात किंचाळली की समोरच्या घरातली बाई साबणाच्या हातानेच धावत आली. "स्टेलिओस, हललं रे! जिवंत आहे ते!"

स्टेलिओस खुर्चीतून उठला होता. "पुन्हा कर," तो म्हणाला. "हळू. हळू, मर्ल." पाना पुन्हा फिरला, मग अर्धा फेरा, मग पूर्ण. त्या दुपारी दोघांनी मिळून अख्खा लॅमिंग्टन केक संपवला.

पत्र्याचं काम सगळ्यांत अवघड. गाडीचा गंजलेला तळ कापून काढला तेव्हा गाडीत उभं राहून मर्लच्या दोन्ही पायांना माती लागत होती. वेल्डिंग शिकायला तिने जुने बिस्किटांचे डबे आणले. पहिल्या दिवशी नुसती भोकं पडली. दुसऱ्या दिवशीही. स्टेलिओस ओरडून ओरडून थकला. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "थांब. हात कसा धरायचा ते नको, वेग सांग मला. साखरेचा पाक करताना मी आचेकडे नाही बघत, रंगाकडे बघते. इथे कुठला रंग बघायचा?"

स्टेलिओसने खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाला, "चाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही. वितळलेल्या थेंबाची कड बघ. चकाकते ना, ती मंदावायच्या आत पुढे सरक."

त्या संध्याकाळी तिच्या हातून पहिला सरळ जोड निघाला. वाकडातिकडा होता, पण हातोडा मारल्यावर सुटला नाही. ती त्यावरून दहा वेळा तरी बोट फिरवत बसली.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने गाडीखाली झोपून नट सोडायचा आणि आवळायचा. त्या दिवशी स्टेलिओसला गाडीत बसावंच लागलं. मर्लने खालून मान काढून वर पाहिलं, तर त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलेलं, आणि तरीही त्याची बोटं थरथरत होती. पान्याला हात न लावण्याची अट का होती, ते तिला तेव्हा कळलं. ती पुन्हा खाली सरकून ओरडली, "दाब!" त्या दिवसापासून ती त्याचा चहाचा कप अर्धाच भरून द्यायची, आणि दोनदा द्यायची.

जूनच्या पहिल्या रविवारी, तिकडच्या हिवाळ्यात, बॅटरी जोडली. इर्मालाही आणून खुर्चीवर बसवलं होतं. समोरची बाई, तिचा नवरा, पुतण्या, सगळे शेडच्या तोंडाशी जमले.

"चावी फिरव, आणि ॲक्सिलरेटर थोडासाच," स्टेलिओस म्हणाला. "घोडा नाही तो, टाच मारू नकोस."

घर्रर्र... घर्रर्र... काही नाही. पुन्हा. काही नाही.

"मर्ल," इर्मा मागून म्हणाली, "चोक ओढ. ती थंडीत नेहमी चोक मागायची."

मर्लने चोक ओढला, चावी फिरवली. गाडी एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि धडाडून सुरू झाली! मागून काळा धूर, आणि हिटरच्या जाळीतून भस्सकन कोंबड्यांची पिसं उडाली. सगळी पिसं मर्लच्या तोंडावर, केसांत. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. सहाही सिलिंडर धडधडत होते. स्टेलिओस बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटून ऐकत उभा होता. "तिसरा थोडा मागे पडतोय," तो म्हणाला. "पण गातेय. गातेय लेकाची!"

त्याच संध्याकाळी मर्लने राफर्टीला फोन केला.

"तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती. आज आहे. लायसन्स अजून नाहीच."

"जुलै दोन तारखेला शेडवर जेवण मिळेल का?" राफर्टीने विचारलं.

"मिळेल."

"मग बाकीचं मला कशाला सांगता?"

लेखी परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली. गाडीला पुढे-मागे शिकाऊ पाटी लागली आणि स्टेलिओस शेजारच्या सीटवर बसला. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्याच बाजूला, तो जुळवताना मर्लच्या कपाळावर आठ्या. पहिल्याच दिवशी मुख्य रस्त्यावर, बरोबर पबच्या समोर, गाडी बंद पडली. ओट्यावर बियर घेऊन बसलेल्यांना तेवढंच हवं होतं.

"कॅप्टन! नांगर टाकलास का?"

"खाली उतरून ढकलू का, आजी?" टोळीतला मॅकी ओरडला.

मर्लची कानशिलं तापली. स्टेलिओस समोर बघत हळूच म्हणाला, "त्यांच्यातल्या एकाने तरी स्वतःच्या हाताने गाडीचा तळ जोडलाय का? क्लच दाब. चावी फिरव." गाडी सुरू झाली. मर्लने खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडली, "मॅकी, जुलैत तुझं ताट मीच वाढणार आहे, लक्षात ठेव!" सगळा ओटा मॅकीवर हसत सुटला.

रस्त्यावर काढण्याआधीच्या तपासणीत गाडी पहिल्यांदा हँडब्रेकवरून नापास झाली होती. दुसऱ्यांदा पास. लायसन्सची परीक्षा घ्यायला आलेली बाई तिच्या निम्म्या वयाची होती. अर्ध्या तासानंतर तिने कागदावर सही केली आणि विचारलं, "ही गाडी तुमच्या वडिलांची का?"

"नाही," मर्ल म्हणाली. "माझी. पहिलीच आहे."

पहिली जुलै. मागच्या भागात पिठाची पोती, बटाटे, दोन बिडाची पातेली, बर्फाच्या पेटीत मटण. शेड एकशे दहा किलोमीटरवर, त्यातला निम्म्याहून जास्त मातीचा रस्ता, आणि आदल्या दिवशी पाऊस झालेला. एका सखल जागी काळी माती लोण्यासारखी झाली होती. गाडीचं ढुंगण डावीकडे घसरलं. ब्रेक मारायचा नाही, हे स्टेलिओसने तिला सांगून ठेवलं होतं. तिने पाय वर घेतला, स्टिअरिंग हळूच वळवलं, गाडी सावरली, आणि चिखलाचं कारंजं उडवत पलीकडे गेली. "शाब्बास ग माझी राणी!" मर्ल एकटीच मोठ्याने ओरडली. मग तिच्या लक्षात आलं की शेजारी कुणीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती गाडीत एकटी होती. तिने खिडकीची काच खाली केली. गार वारा, ओल्या मातीचा वास, दूर कांगारूंचा कळप उड्या मारत चाललेला. राखी झुडपांच्या सपाट माळावर पिवळी गाडी एकटीच धावत होती.

शेडवर टोळी बाहेर येऊन उभी होती. राफर्टीने गाडीला चक्कर मारली, वाकून खालचा पत्रा पाहिला. "हे जोड कुणाचे?"

"माझे. वाकडे आहेत."

"पक्के आहेत," तो म्हणाला, आणि पिठाचं पोतं खांद्यावर घेतलं.

त्या हंगामात मर्लने पाच फार्मांवर स्वयंपाक केला आणि एकाही दिवशी चहाला उशीर झाला नाही. इंजिनाचा तिसरा सिलिंडर तिने सप्टेंबरात स्वतःच खोलून नीट केला. शुक्रवारी दुपारी काम सुटलं की बाकीचे पबकडे निघायचे. मर्ल दोन रस्ते फुटतात तिथे थांबायची, आणि कधी नदीकडे, कधी कोरड्या तळ्याकडे, मनाला येईल तिकडे वळायची. एका रविवारी तिने स्टेलिओसला पुढच्या सीटवर बसवलं आणि मिल्ड्युराला त्याच्या बहिणीकडे नेलं. सहा वर्षांनी तो तिला भेटत होता.

वाटेत तो सारखा सांगत होता, "गिअर बदल. आत्ता बदल. अगं, बदल म्हणतोय ना!"

"स्टेलिओस," मर्ल खिडकीवर कोपर टेकवून म्हणाली, "गप्प बसून संत्रं सोल. गाडी मी चालवतेय."