श्पिरोचे गुरुवार

माझी बहीण दिंका. तिचा नवरा श्पिरो लाकडी होड्या बांधायचा. पन्नाशीच्या आतच त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, आणि मग सहा वर्षं तो मंगळवार, गुरुवार, शनिवार रुग्णालयाच्या गाडीतून शहरात डायलिसिसला जात राहिला. शेजारी बसायची विंकामावशी. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, जिभेला हाड नसलेली बाई. जाता-येता दोघं भांडत. डायलिसिसवर दोघांनाही पाणी मोजूनच प्यायचं, म्हणून विषय एकच, तहान कशी मारायची. तो बर्फाचा खडा चघळायचा, ती लिंबाची फोड.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, बोरा वारा छपरं उचलत असताना फोन आला. कुणीतरी गेलं होतं आणि किडनी श्पिरोला जुळत होती. कोण गेलं, ते सांगत नाहीत. ऑपरेशन झालं, किडनी लगेच चालू झाली.

पण माणूस काही थाऱ्यावर येईना. गुरुवार उजाडला की गाडीच्या वेळेला टक्क जागा. कुणी न सांगता त्याने अख्ख्या गल्लीच्या खिडक्या रंगवल्या, माझ्या कॅफेतल्या खुर्च्या घासून काढल्या, त्या वाळायच्या आत पुन्हा घासायला घेतल्या. दिंका वैतागली. "अरे, तुला किडनी बसवलीय की मोटर?" तो हसायचाही नाही. आणि विंकामावशी समोरून येताना दिसली, की सटकन दुसऱ्या बोळात वळायचा. मी पाहत होतो. विचारायचा धीर झाला नाही.

वर्ष भरलं. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम, आता तीन महिन्यांनी या. दिंकाने कोकरू आणलं, नातलगांना जेवायला बोलावलं. तो दिवस नेमका गुरुवार. सकाळीच ती माझ्याकडे धावत आली. "श्पिरोला बघितलंस का रे? कांदे आणतो म्हणून गेला, तो गेलाच!"

तो समोरच होता. गाडीच्या थांब्यावर येरझारा घालत होता. आम्ही रस्ता ओलांडायच्या आत विंकामावशी पिशवी घेऊन आली.

"कोण हा? काय रे चुकार, वाट चुकलास?"

"मावशी," श्पिरो खाली बघत म्हणाला, "किडनीच्या यादीत तुम्ही माझ्या आधीपासून होतात. आणि फोन मला आला."

"म्हणून वर्षभर तोंड लपवत फिरतोयस?" मावशी कडाडली. "गाढवा, मी यादीत नव्हतेच! तुला फोन आला, त्याच्या आदल्या उन्हाळ्यातच माझं नाव काढलं. हृदयाला ऑपरेशन झेपणार नाही म्हणे."

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर भांडला असतास का माझ्याशी? दया करत बसला असतास. शी!"

मावशीने माझ्याकडे वळून फर्मावलं, "जा, ह्याला मोठा ग्लास भरून पाणी आण."

मी आणलं. "पी," ती म्हणाली. "माझ्यासमोर. सगळं." तो घटाघटा प्यायला, पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडलं. मावशी त्याच्या गळ्याकडे टक लावून बघत होती, जणू घोट तिच्याच घशाखाली उतरत होते.

"अजून?"

"पुरे, मावशी."

"पुरे म्हणतोय! ऐका! सहा वर्षांत हा शब्द ह्याच्या तोंडून ऐकला नव्हता!" ती एवढी हसली की डोळे पुसावे लागले.

गाडी आली. श्पिरोने तिला हात देऊन चढवलं आणि मागोमाग स्वतःही चढला.

"अरे, तू बरा झालास ना?" ड्रायव्हर म्हणाला.

"झालो. चल."

"श्पिरो! कोकरू!" दिंका ओरडली. दार लागलं होतं.

पाहुणे वाट बघून जेवले. दुपार उलटल्यावर तो मावशीला घेऊनच घरी आला. दिंका त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही, पण मावशीच्या ताटात तिने बरगडीचा चांगला तुकडा वाढला.

अजूनही तो दर गुरुवारी जातो. तिथेही त्याला एका जागी बसवत नाही. करकरणारी दारं दुरुस्त करतो, नर्सेस हाकलतात. रात्री झोप अजून धड नाही. मावशीचे पाय सुजलेत, थांब्यापर्यंत चालवत नाही, म्हणून तिला घरून आणायचं कामही त्यानेच अंगावर घेतलंय. तिला हे पसंत नाही. परवा ती भर रस्त्यात त्याला म्हणत होती, "सोड माझा दंड! मी काय तुझी होडी आहे, ढकलायला?"