दुसरा खिळा

माहेराहून, विंझरहून माणूस आला तेव्हा मी भोरच्या मुलींच्या शाळेत दुसरीच्या वर्गावर होते. तो दाराबाहेरच उभा राहिला, पागोटं काढलं आणि म्हणाला, "बाई, महादूदादा गेलं. सकाळी च्या घेतला न् भितीला टेकून बसलं, ते तसंच." महादूदादा म्हणजे माझा थोरला भाऊ. खरं लिहायचं तर त्या क्षणी मला रडू आलं नाही. मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता दादा मला कधीच विचारणार नाही... सुटल्यासारखं वाटलं. आणि लगेच स्वतःचीच अशी भीती वाटली की खडू हातातून पडला. मुलींना वाटलं, बाईंना दुःखानं असं झालं. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. इतकी वर्षं ज्या गोष्टीबद्दल ब्र काढला नाही, ती आता लिहायला बसले आहे.

आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी लाकूड फिरवून कातलेलं नव्हतं. दादा तांदूळ घेऊन भोरच्या बाजाराला जायचा, तिथं एका म्हाताऱ्या कातारी बाबांच्या दारात तासन्‌तास उभा राहायचा, आणि एके दिवशी घरी येऊन त्यानं अर्धा गोठा रिकामा केला. आई म्हणाली, "गुरं भायेर आन् लाकडं आत! सोन्यासारखं बैल भिजू द्या आता." पण दादा ऐकतोय कुठला. जमिनीत दोन बुटके खांब पुरले, दोन्हींना समोरासमोर लोखंडी अण्या बसवल्या, त्यांच्यामध्ये लाकूड अडकवलं की झाला सांगाडा. लाकडाला चामड्याच्या वादीचे दोन वेढे द्यायचे आणि समोर बसलेल्या माणसानं वादीची दोन टोकं आळीपाळीनं ओढायची. लाकूड एकदा पुढं फिरतं, एकदा मागं. पुढं फिरताना पटाशी टेकवायची, मागं जाताना उचलायची. हत्यारं भिंतीवर मापानं टांगलेली. ओलं लाकूड वर्षभर सावलीत ठेवल्याशिवाय तो हात लावायचा नाही. रोज संध्याकाळी जमीन झाडून घ्यायचा, कारण लाकडाच्या गुळगुळीत सालींवरून पाय घसरला तर माणूस थेट पटाशीवर जायचा. आणि वादी ओढायला घरचीच बाई लागायची. आधी वैनी ओढायची, मी माहेरी राहायला आल्यावर मी.

मी जन्माची भित्री. तोंडापासून वीतभर अंतरावर ते लाकूड गरगर फिरायचं आणि मी डोळे मिटून ओढायची. दादा हसायचा. "सखे, लाकूड हाय ते. वाघ न्हाई." पण भिण्यासारखं एक कारण होतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. भाटघरच्या धरणाचं पाणी वाढणार म्हणून खालची गावं उठत होती. लोक आपली घरं आपल्याच हातानं मोडत होते आणि खांब गाड्यांत घालून दादाकडे आणत होते. कुणाला पाळण्याचे दांडे हवे असत, कुणाला पलंगाचे पाय. घर गेलं तरी घरातलं लाकूड डोळ्यांसमोर राहावं, एवढीच त्यांची मागणी. दादा प्रत्येकाला विचारायचा, "खिळा हाय का यात?" आणि प्रत्येकजण न्हाई म्हणायचा.

खिळा असायचा. आमच्याकडे ज्या घरात पोरं जगत नसत, तिथं नव्या बाळाच्या पाचवीला सासू मधल्या खांबात लोखंडी खिळा ठोकायची. त्याचं डोकं छाटून वर शेण लिंपायची, की नजरेला पडू नये. पोर त्या खिळ्यानं घराला बांधलं जातं, असा समज. तो खिळा त्या जिवाच्या हयातीत हलवायचा नाही आणि त्याबद्दल कुणापुढं बोलायचं नाही. बोललं की खिळा सैल. त्यामुळे पुरुषांना माहीत नसायचं आणि बायका सांगायच्या नाहीत. दादा तळहात फिरवून बघायचा, ठोकून कान लावायचा, संशय आला की खांब तसाच परत पाठवायचा. फिरत्या लाकडात पटाशी खिळ्याला लागली तर काय होतं, हे त्या कातारी बाबांची दोन बोटं सांगत होती, कारण ती जागेवर नव्हती.

मग माझ्याच सासरचा खांब आला. नवरा आदल्या वर्षी तापानं गेला होता आणि मी दोन वर्षांच्या श्रीपतीला घेऊन माहेरी आले होते. सासूबाई गेल्या होत्या. मामंजींनी गाडीतून मधला खांब पाठवला आणि निरोप दिला की माझ्या नातवाला पलंग कर. दादानं खांबाचे चार तुकडे केले आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "एक हाय. ह्यांच्या पाचवीचा." माणूसच गेला होता, आता सांगायला कसली आडकाठी. दादानं तो खिळा उकरून काढला, माझ्या हातावर ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "एकच ना?"

"व्हय," मी म्हणाले.

दुसरा होता. माझी आधीची दोन मुलं गेली होती. श्रीपतीच्या पाचवीला सासूबाईंनी हातोडीवर माझाही हात ठेवून घेतला होता आणि कानात सांगितलं होतं, "तोंडातनं निगालं की लेकरू निगालं." दादा विचारत होता तेव्हा श्रीपती अंगणात खेळत होता. मला त्याचा आवाज ऐकू येत होता... मी दुसरं काय बोलणार होते?

मी मनाशी हिशेब मांडला होता. खिळा तिसऱ्या तुकड्यात, वरच्या अंगाला. पलंगाच्या पायाला जिथं दांडे बसतात तो भाग चौकोनीच ठेवतात, तिथं पटाशी जात नाही. खिळा त्यातच येईल. पहिले दोन पाय झाले. तिसरा लावताना दादाला एक गाठ दिसली आणि त्यानं चौकोन चार बोटं खाली घेतला. वादी ओढता ओढता मी हळू झाले. एक शब्द बोलले असते तर... दादा वैतागला, "वढ की गं, सखे! झोप आली का?" मी ओढली. खट्‌ असा आवाज आला, पटाशीचं टोक तुटलं आणि दादा डोळ्यावर हात दाबून मागे पडला.

भोरच्या डॉक्टरांपर्यंत बैलगाडीनं पोचायला दिवस गेला. उजवा डोळा गेला. परतताना दादा म्हणाला, "एक हाय ना आजून." त्यानं मला काही विचारलं नाही. मी वाट बघत होते. जखम भरल्यावर विचारेल, सांगाडा पुन्हा लावताना विचारेल, मला पुण्याला मास्तरीण व्हायला पाठवताना तरी विचारेल. होय, माझं शिक्षण त्यानं एका डोळ्यानं लाकूड कातून केलं. दर सुट्टीला विंझरचा चढ चढताना मी उत्तराची जुळवाजुळव करायची. तो विचारायचा ते एवढंच, "जेवलीस का?"

मात्र त्याची खांब घ्यायची रीत बदलली. गिऱ्हाइकाला खिळ्याचं विचारणं त्यानं बंद केलं. तो घरच्या बाईला बोलावणं धाडायचा, खांबाशेजारी ओल्या गेरूची वाटी ठेवायचा आणि म्हणायचा, "म्या हिरीवर जातो. तोंड उघडायचं काम न्हाई, नुसतं बोट टेकवा." परत येऊन बघायचा. लाल ठिपका असला तर खांब परत. किती बायकांनी बोटं टेकवली! तशी वाटी मी सुट्टीला आले की माझ्यासमोरही असायची. कोपऱ्यात तो तिसरा पाय उभा होता, खपली निघाल्यासारखा. नुसतं बोट टेकवायचं होतं. तेवढंही माझ्यानं झालं नाही. मला दादाची भीती वाटत नव्हती. श्रीपती मोठा होत होता, दादाच्या हाताखाली शिकत होता, त्याच्या जिवाची भीती वाटत होती.

तेराव्यानंतर वैनीबरोबर गोठ्यात गेले. तो पाय तिथंच होता. मी विचारलं, "हा अजून जाळला न्हाई?" वैनी म्हणाली, "म्या एकदा चुलीत घालाया न्हेला, तर आयुष्यात पयल्यांदा माज्यावर वराडलं. म्हनलं, शिरपतीचा खिळा हाय त्यात, हलाया नगं. दर आमुशेला काम बंद असायचं, तवा करंजाचं तेल बोटावर घेऊन लावायचं त्याला. गंजू नये म्हून."

मी वाकून पाहिलं. पटाशीनं उघडा पडलेला तो खिळा काळाभोर, तुकतुकीत होता. वीस वर्षांत गंजाचा ठिपका नाही. मी तिथंच खाली बसले आणि मग मला रडू आलं.

श्रीपती खडकीच्या कारखान्यात विजेच्या लेथवर काम करतो. गेल्या शनिवारी भोरला आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, लिही. मामाचं लोकांना कळू दे." रविवारी परत गेला. पोचल्याचं कार्ड अजून आलेलं नाही. टपाल उशिरा येतं हे मला कळतं, मी मुलींना तेच शिकवते. तरी पोस्टमनची चाहूल लागली की मी वर्ग सोडून दाराशी जाते. हे छापून येईल तेव्हा मी तोंड उघडलेलं असेल. परवा अमावास्या आहे. शाळेत रजेचा अर्ज दिला आहे. विंझरला जाऊन मी त्या खिळ्याला तेल लावणार आहे.