विजेने मेलेला बैल

सुवर्णाच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा जो डाग आहे, तो माझ्या विनोदाचा आहे.

भीमपूरला तिच्या चुलतभावाच्या लग्नाची पंगत बसली होती. माझे मित्र भगवानराव यांची ही मुलगी, तेव्हा अठरा-एकोणीसची, वरणाची बादली घेऊन आमच्या ओळीत आली. मी म्हणालो, "पोरी, नवरदेवाला पोटभर वाढ. आजपासून त्याला तोंड उघडायला मिळणार ते जेवायपुरतंच!" विनोद जुनाट, पण ती खुदकन हसली. आणि हसता हसताच मान लुळी पडली, गुडघे वाकले, बादलीसकट ती खाली आली. कढत वरण हातावर.

"मिरगी आली, मिरगी!" कुणीतरी ओरडलं. कुणी कांदा फोडला, पंगतीतल्या मारोतीने चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. मिनिटभरात ती उठून बसली. चप्पल लागू पडली, असं पंगतीने ठरवून टाकलं. आदिलाबादच्या एका डॉक्टरांनी चप्पल वगळून तेच निदान केलं आणि मिरगीच्या गोळ्या सुरू झाल्या.

गोळ्यांनी ती आणखीच पेंगू लागली. आधीही कापूस वेचताना उभ्या उभ्या झोपायचीच. तिची आई बयनाबाई म्हणायची, "पऱ्हाटी हिले धरून हाय का हे पऱ्हाटीले, काई समजत नाई!"

लग्न झालं बेल्लमपल्लीच्या लखनशी. तो खाणीत कामाला. लेक झाली, स्वरा. एका दुपारी दूध पाजता पाजता सुवर्णाचा डोळा लागला आणि लेकरू मांडीवरून घसरलं. लागलं नाही फारसं. पण सासूने ट्रंकेत लपवलेल्या गोळ्या शोधून काढल्या. "मिरगीवालीच्या मांडीवर आमचं लेकरू नाई ठेवत." सुवर्णा माहेरी आली, स्वरा तिथेच राहिली. उन्हाळ्याच्या सुटीत तेवढी लखन तिला आणून सोडायचा.

हसलं की आपण पडतो, हे सुवर्णाला केव्हाच कळलं होतं. लेकीसमोर पडलो आणि ते बेल्लमपल्लीला कळलं, तर पुढल्या सुटीत लेक यायची नाही. म्हणून पोर खिदळत आली की ही भिंतीकडे तोंड फिरवायची, ओठ चावायची आणि हसू दाबायला घरचा विजेने मेलेला बैल आठवायची. लेकीसमोर एकदाही पडली नाही.

मागच्या वर्षी शेतात पडून तिचा जबडा फुटला. भगवानराव तिला नागपूरला घेऊन गेले, मी सोबत. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पडल्यावर ऐकू येतं का?"

"येते ना. समदं येते."

आणि तिने ती पंगत ऐकवली. चप्पल कोणाची, कांदा कोणी फोडला, आणि गर्दीत मी शेजारच्याला काय म्हणालो तेही: "इतका काही चांगला नव्हता हो विनोद."

भगवानराव चिडले, "काऊन सांगतलं नाई आजवर?"

"इचारलं कोनं?"

रात्रभर डोक्याला वायरी लावून तपासणी झाली. दुसऱ्या दिवशीही झोपवून पाहिलं. नाव निघालं नार्कोलेप्सी, म्हणजे अवेळी झोप लागण्याचा आणि हसलं की अंग लुळं पडण्याचा आजार. मिरगी नव्हतीच. गोळ्या बदलल्या. आता ती जागी असते, पडत नाही.

यंदा सुटीत गेलो, तेव्हा दहा वर्षांची स्वरा ओसरीत चित्र काढत बसली होती, शहाण्या मुलीसारखी गप्प. मी माझ्या ठेवणीतला विनोद काढला. तिने आधी आईकडे पाहिलं, मग पुन्हा चित्रात मान घातली.

मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, "सुवर्णा, आता कसली भीती? तिच्यासोबत मोकळी हस की!"

तिने तव्यावरची भाकर उलटली.

"आता पोरगीच माह्यापुढं हासत नाई, काका."