गाठ आईची होती

फिनेलचा वास आला की अजून हैदराबादच्या अफझलगंजमधला तो दवाखाना आठवतो. छप्पन साली हैदराबाद राज्याची वाटणी होऊन वडिलांची बदली औरंगाबादला झाली होती, घरात बांधाबांध चालली होती, आणि त्यातच आईच्या छातीत गाठ निघाली. त्या दवाखान्यात मीही सोबत गेले. डॉक्टरांनी पडदासुद्धा न ओढता तिला चाचपलं आणि ती पोलक्याची बटणं लावत असतानाच वडिलांना म्हणाले, "कॅन्सर है साब. पूरी छाती निकालना पडता." वडिलांनी घड्याळ पाहिलं. "मैं उधर रुजू होने के पहले निपट जाता क्या?" तेवढ्यात आई म्हणाली, "बीमारी मेरेकू है, मेरेसे बोलो." डॉक्टर हसले, "औरतां घबरा जाते, इस वास्ते." "निकाले तो मैं बचती क्या?" "उम्मीद है." "तो निकालो." मग वडिलांना मराठीत म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं." आणि ते खरंच गेले. ऑपरेशनच्या वेळी बाहेर मी आणि मामा बसलो होतो. आई वाचली, आणि आम्ही हैदराबादेतच, अंबरपेठेत मामाकडे राहिलो. वडील म्हातारपणी परत आले तेव्हा त्यांना मीच भरवलं, पण त्यांचा हात लागला की किळस यायची, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.